थळच्या बायकांचा उजवा हात

दुःखाला गिऱ्हाईक नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याबरोबर एक महिना फिरावं. आठ वर्षं मी कुलाबा जिल्ह्यात गावोगाव दुःख गात हिंडतो आहे आणि मागणी कधी कमी झालेली नाही. फक्त ज्याचं दुःख तोच समोर बसलेला असला की जरा पंचाईत होते. त्या पंचाइतीचीच ही हकीकत आहे. मी गायक म्हणून कसा घडलो वगैरे ज्यांना वाचायचं असेल त्यांनी सरळ पुढच्या कथेकडे वळावं.

आधी धंदा समजून घ्या. कचेरीतले लोक मला शाहीर समजतात, शाहीर मला बँडवाला समजतात आणि एस.टी.चे कंडक्टर माझ्या गिटारीला उतारू समजून तिचं अर्धं तिकीट मागतात. मी चळवळीचा गाणारा. गावात दुपारी पोचायचं, देवळाच्या पारावर बसून तारा जुळवायच्या. हे काय नवीन वाजतंय म्हणून माणसं जमतात. तीन गाणी म्हणायची. तिसऱ्या गाण्याला बायकांनी पदर डोळ्याला लावला की आमचे भाऊ भाषणाला उभे राहतात आणि भाषण संपायच्या आत अर्जावर सह्या-अंगठे होतात. भाऊ म्हणजे आमच्या अलिबागच्या शाखेचे चिटणीस. पत्रक कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडेच शिकलो. त्यांचे दोन नियम होते. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द येता कामा नये, आणि प्रत्येक परिच्छेदात एक तरी शत्रू पाहिजे. अठराव्या वर्षी हे दोन नियम मिळाले की माणसाला तिसऱ्या कशाची गरज वाटत नाही.

गिटार मला कोर्लईच्या पास्कलनं दिली. पास्कल बारा वर्षं बोटीवर भटारखान्यात होता. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात गोदीवरचे काळे हमाल सुट्टीच्या वेळात जी गाणी म्हणत ती त्यानं कांदे सोलता सोलता उचलली, आणि एका हमालाकडून ही गिटारही. मी कोर्लईला पत्रकं वाटायला गेलो होतो. माझं भाषण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. ऐकणारा तो एकटाच होता.

“ओरडतोस बरा,” तो म्हणाला. “गात का न्हाय?”

मग ओसरीवर बसून त्यानं ते गाणं म्हणून दाखवलं. त्याला तिकडे ब्लूज म्हणतात, म्हणजे निळं. मी विचारलं, दुःखाचा रंग निळा का? तर म्हणाला, “तिकडं निला असल. आपल्याकडं त्याला रंग नसतो, वास असतो.” मग त्यानं मला या गाण्याची सगळी विद्या सांगितली. ती चार वाक्यांत संपली.

“एक ओल म्हन. तीच परत म्हन. मग जरा थांब. मग तिसरी म्हन.”

“तीच ओळ परत कशाला?”

“पयल्यांदा कोन ऐकतो? दुसऱ्यांदा ऐकतात. आनि तवर तुला तिसरी सुचते.”

त्याच्या बोटांत सांधेदुखी शिरली होती. गिटार त्यानं मला दिली आणि वर बजावलं की खाऱ्या वाऱ्यात तारा गंजतात, रोज खोबरेल पुसत जा. तेव्हापासून माझ्या गाण्याला खोबऱ्याचा वास येतो.

कार्यालयात या वाद्यावर दोन बैठका झाल्या. एका कार्यकर्त्यानं हे परकी, साम्राज्यशाहीचं वाद्य असल्याचा ठराव मांडला. मी विचारलं, मग पेटी काय पेणच्या कुंभारानं घडवली? प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा भाऊंनी एवढंच विचारलं, “गर्दी जमते का?” जमते म्हटलं. “मग स्वदेशी,” भाऊ म्हणाले आणि चहा मागवला.

हे गाणं लोकांना लागायचं, यात शंका नाही. कधीकधी नको त्यांनाही लागायचं. श्रीवर्धनला सुपारी सोलणाऱ्या बायकांवर मी एक गाणं केलं होतं: दिवसभर सोलून बोटं काळी पडतात, बागवाला झोपाळ्याच्या फळीवरून हलत नाही, असं. त्याच गावातल्या एका बागवाल्यानं मला सत्यनारायणाला बोलावलं. मला वाटलं, त्याला कळलेलं नाही, आता कळेल. त्याच्याच अंगणात, त्याच्याच पाहुण्यांपुढे मी ते गाणं तोंडावर म्हटलं. ओसरीच्या कडेला त्याच्याकडे सोलणाऱ्या चार बायका पत्रावळी लावत होत्या. गाणं संपलं. बागवाल्यानं चष्मा काढून डोळे पुसले. “वा! काय ते दुःख! पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या,” तो म्हणाला. पुन्हा झालं. बायकांना त्यानं हाक मारली, “अगं, ऐकलंत का, तुमचंच आहे!” त्यांतली एक म्हणाली, “ऐकलाव दादा. द्रोण कमी पडतात.” मी हे कार्यालयात विजय म्हणून सांगितलं.

आता थळ.

थळच्या किनाऱ्याला कोळ्यांचं खळं आहे. भाताचं खळं वेगळं, हे मासळी वाळवायचं. जमीन चोपून साफ ठेवलेली, एका बाजूला जवळा पसरायला जागा, दुसऱ्या बाजूला बांबूच्या आडव्या दांड्या, त्यांना वलांडी म्हणतात, त्यावर बोंबील टांगलेले. होड्या पुरुषांच्या, पण खळं बायकांचं. मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपतं आणि खळ्यावर बाईचं सुरू होतं. पावसाळ्याचे चार महिने घर त्या सुकटीवर चालतं. खळं गेलं तर घर गेलं, इतका तो हिशेब साधा आहे. मागची माडाची वाडी मुंबईच्या एका शेटनं घेतली आणि एका सकाळी खळ्याला तारेचं कुंपण पडलं. कागदावर वाडीची हद्द पाण्यापर्यंत आहे, असं त्याच्या माणसाचं म्हणणं.

भाऊंनी मला अर्ज लिहायला थळला धाडलं. मी एक दुपार तिथे काढली. कुंपणाबाहेर वाळूत बोंबील वेचत बसलेल्या हिराबाई नावाच्या बाईशी बोललो. तिशीची, दांडगी, बोलायला फटकळ. तिच्या आणि सगळ्याच बायकांच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. उजव्या हातात एकही नव्हती. मला गलबलून आलं. पत्रकावर पोसलेला माणूस गलबलला की विचारपूस करत नाही, लिहायला बसतो. मी संध्याकाळच्या गाडीत बसून अर्ज लिहिला. पहिलाच परिच्छेद: व्यापारी व जमीनदार यांच्या पिळवणुकीमुळे अर्जदार स्त्रियांना उजव्या हातातील बांगड्यादेखील विकाव्या लागल्या आहेत. शत्रू होता. कदाचित नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाऊ घाईघाईनं जाऊन बायकांचे अंगठे घेऊन आले. अर्ज प्रांतसाहेबांकडे दाखल झाला आणि मी गाणं केलं:

डाव्या हाती बांगड्या, उजवा हात रिकामा
डाव्या हाती बांगड्या, उजवा हात रिकामा
शेटजीच्या तिजोरीत वाजतो गं चुडा, रामा!

आमच्या चळवळीत रामाला जागा नव्हती, पण यमकाला होती.

माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमानही होता. ज्या गावचं गाणं ते त्या गावात सगळ्यात शेवटी म्हणायचं. आधी बाहेर घासूनपुसून घ्यायचं. त्याप्रमाणे हे गाणं मी पेण, पोयनाड, नागोठण्याकडच्या भातशेतीच्या गावांत म्हटलं. लोक अक्षरशः रडले. गाण्याचं पत्रक निघालं, वर बांगड्यांचं चित्र. प्रांतांपुढची सुनावणी दोन दिवसांवर आली तेव्हा बायकांना अलिबागला न्यायचं म्हणून मी थळला गेलो.

उन्हं कलली होती. चाळीसेक बायका कुंपणाच्या कडेला बसल्या होत्या. मी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्यांदा म्हटली. पास्कलनं सांगितल्याप्रमाणे थांबलो. त्या थांबण्यात मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. बघता बघता चाळीस बायका लोळायच्या बाकी राहिल्या.

“आगो बाय! इकल्या बोलतो!”

“कवा इकल्यास गो हिरा, मना नाय बोललीस ती?”

हिराबाई मात्र हसत नव्हती. ती उठून पुढे आली.

“ए मास्तर, थांब. तुला कोनी सांगितला आमी बांगड्या इकल्या?”

“कोणी सांगायला कशाला पाहिजे? दिसतंच आहे की.”

“काय दिसतं?”

“उजव्या हातात बांगडी नाही.”

“तू कुठचा?”

“रोह्याचा. वडील शाळामास्तर.”

“मासली खातास?”

“आमच्या घरात खात नाहीत.”

“मंग तुज्या दारात कोलीन कशाला येल,” ती म्हणाली. “ऐक. लग्नाच्या दिशी आमची उजव्या हाताची बांगडी दर्याला देतात. दर्या, ही तुला घे नि माजा मालक मना परत दे, म्हनून. मंग त्या हातात काच नाय भरायची. सनाला चांदीचा कडा घालू, येरवी मोकला. रिकामा नाय तो हात. दिलेला हाय.”

मी म्हटलं, “अस्सं.” आठ वर्षांत एवढं छोटं भाषण मी केलेलं नाही.

“माजा मालक आज तीन दिस दर्यात हाय,” हिराबाईचा आवाज खाली आला. “आनि तू हितं बसून गातोस का हिराचा हात रिकामा हाय?”

हसणं थांबलं. एका म्हातारीनं, हिराबाईच्या सासूनं, वाळूवर बोटं टेकवून कपाळाला लावली. मी गिटार खाली ठेवली. तेवढ्यात एकीनं विचारलं, अर्जात काय लिवलंय? अर्जाची नक्कल माझ्या पिशवीत होती. तिथे खोटं बोलता आलं असतं. पण चाळीस बायका बघत होत्या. मी वाचून दाखवलं.

“ह्याच्याव आमचा आंगठा हाय?” हिराबाईनं विचारलं.

“आहे.”

“म्हंजे आमी सायबापुढं जाऊन बोलायचा, बांगड्या इकल्या. मालक दर्यात असताना.”

बायका एकेक करून उठल्या. पाट्या उचलून निघाल्या. सासू जाताना म्हणाली, “खलं गेला तर गेला रं बाबा. मानूस जाया नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना हे सगळं सांगितलं. भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. अर्ज मागे घेतला तर नवा दाखल करेपर्यंत शेट खळ्यावर बंगल्याचा पाया घालील. बायका आल्याच नाहीत तर अर्ज एकतर्फी निकालात निघेल. “तपशिलाची चूक आहे,” भाऊ म्हणाले, “आशयाची नाही. पिळवणूक आहे की नाही? मग बाईंनी हो म्हणावं. एक शब्द.”

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला मी हा सगळा खटाटोप केला. मला ते पटलं. मी थळला परत गेलो. हिराबाई खळ्याच्या टोकाला दर्याकडे तोंड करून बसली होती. तीन दिवसांचे चार झाले होते. मी तिला ऐतिहासिक सत्य आणि तपशील यांतला फरक समजावून सांगितला. तिनं वळूनही बघितलं नाही.

“झाला तुजा?”

“एक शब्द म्हणायचाय हिराबाई. हो.”

“तू बोल.”

“मला नाही विचारणार.”

“ते बी खरा,” ती म्हणाली. “लिवलास तू, नि इचारनार मना.”

मी आलो तसा परत गेलो.

सुनावणीच्या दिवशी बायका येणार नाहीत असं धरून मी आणि भाऊ कचेरीच्या पायरीवर बसलो होतो. दहाच्या सुमाराला बारा जणी चालत आल्या. हिराबाई पुढे, सासू मागे. भाऊंनी विचारलं, काय बोलायचं ठरलंय? हिराबाई म्हणाली, “इचारतील ते.”

शेटच्या वकिलाच्या हातात आमचंच पत्रक होतं, बांगड्यांचं चित्र वर करून. ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि थेट मुद्द्यावर आला. साहेब, अर्जाचा पहिलाच परिच्छेद धादांत खोटा आहे. या किनाऱ्यावरच्या कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा, कोळणी उजव्या हातात काच भरत नाहीत. ज्यांनी हे लिहिलं आणि ज्यांनी यावर अंगठे केले, त्यांचं बाकीचं काय खरं मानायचं?

प्रांतसाहेब संथ आवाजाचे, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “अर्ज कोणी लिहिला?”

मी उभा राहिलो.

“थळचे का?”

“नाही. रोह्याचा.”

“बांगड्या विकताना पाहिल्या?”

“नाही.”

“विकणारणीला विचारलं?”

“नाही.”

मागे कारकून हसले. भाऊ छताकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला ‘कदाचित’ या शब्दाची आठवण झाली.

“सोरा त्याला सायेब,” हिराबाई म्हणाली. “त्याचा गाना चुकला, आमचा खलं नाय चुकला. मना इचारा.”

वकील लगेच पुढे झाला. “विचारतोच. बाई, उजव्या हातातल्या बांगड्या विकल्या का?”

“नाय.”

“मग या अर्जावर अंगठा तुमचा?”

“माजा.”

“म्हणजे खोट्या अर्जावर केला.”

“न वाचता केला. तुमचा शेट बी कागूद दाखवतो, त्यानं तरी खलं बघून घेतला का?”

साहेबांनी हात वर करून वकिलाला थांबवलं. “बांगड्या विकल्या नाहीत तर गेल्या कुठे?”

“दर्याला दिल्या. लग्नाच्या दिशी.”

“कुठून?”

“कुठनं म्हंजे? खल्यावरनं. उधानाचं पानी त्याच कडंला येतं. नवरीला तिथंच नेतात, दुसरी जागा नाय. माजी तिथनं दिली, ह्या माज्या सासूची तिथनं दिली, तिच्या सासूची बी. आता तिथं तार हाय. मागच्या पंधरवड्यात कमलीचा लगीन झाला, तिला तारेखालनं वाकून जावा लागला.”

साहेबांचा टाक थांबला. “तुमच्या सासूबाईंच्या लग्नाला किती वर्षं झाली?”

म्हातारीला ऐकू कमी येतं. हिराबाईनं तिच्या कानात ओरडून विचारलं. म्हातारीनं उजवा हात वर केला, मनगटापासून कोपरापर्यंत मोकळा, सुरकुतलेला, आणि तसाच धरून ठेवला. मग बाकीच्या अकराजणींनी आपापला वर केला. वकील म्हणाला, यात पुरावा काय? बांगड्या समुद्रात आहेत! साहेब म्हणाले, “हात इथे आहेत,” आणि लिहायला लागले. तीन पिढ्यांची वहिवाट, असे शब्द मी उलटे वाचले.

शहाण्या वाचकाच्या लक्षात आलंच असेल. मी अर्जात खरं लिहिलं असतं, खळ्याचा वापर जुना आहे वगैरे, तर वकिलानं दुसरंच काही काढलं असतं आणि बांगड्यांचा विषय निघालाच नसता. भाऊ हे अजून सांगतात. चूकसुद्धा आपण शास्त्रशुद्ध करतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो दिलासा घेता येत नाही. मी त्या बाईला तिच्या माणसाच्या जिवाशी खेळायला लावायला निघालो होतो, तेही एका शब्दासाठी, आणि तो शब्द माझा होता.

साहेब आठवड्यानं स्वतः थळला आले, उधाणाच्या वेळी खळ्यावर उभे राहिले, बूट भिजवून घेतले. कुंपण वाडीच्या माडांपर्यंत मागे सारायचा हुकूम झाला. वाडीतून विहिरीकडे जाणारी पायवाट मात्र शेटकडेच राहिली. बायका अजून पाण्याला वळसा घालून जातात. त्यावर वेगळा अर्ज चालू आहे, तो हिराबाईनं सांगितला आणि मी फक्त लिहून घेतला.

हिराबाईच्या मालकाची होडी सुनावणीच्याच दिवशी, आम्ही अलिबागहून परतलो तेव्हा किनाऱ्याला लागत होती. शिडाची काठी मोडली म्हणून चार दिवस खोळंबले होते. त्याला कशाचा पत्ता नव्हता. “कुठं गेल्ती?” त्यानं विचारलं. “तुज्या नावानं सायबाकडं,” ती म्हणाली आणि पाटी घेऊन पाण्यात उतरली.

आतल्या गावांत अजून जुनंच गाणं मागतात. मी खरी गोष्ट सांगून नवं म्हणतो. लोक शांतपणे ऐकतात, कोणी रडत नाही आणि शेवटी मागून चिठ्ठी येते: मूळचं म्हणा. मी म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं, नागोठण्याला, गर्दी पांगायला लागली तेव्हा. ते इथे कबूल करून टाकतो.

कुंपण हललं त्यानंतरच्या आठवड्यात थळला सभा होती. मी तारा जुळवून पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर हिराबाईनं हात केला.

“तू वाजव रं मास्तर. गाऊ नको.”

मी वाजवलं. बायका गायला लागल्या. एक ओळ दोनदा म्हणायच्या, मग थांबायच्या, आणि तिसरी ओळ दर वेळी दुसरीच कोणीतरी घालायची. काहींवर बाकीच्या हसून हसून पडायच्या, काहींवर कोणी बोलायचं नाही. मला निम्मे शब्द कळले नाहीत. पाऊण तास त्या गात होत्या आणि भाऊ भाषणाचा कागद हातात धरून उभे होते.

परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, “शब्द लिहून घेतलेस ना? पत्रक काढू.”

“विचारलं त्यांना,” मी म्हटलं. “नको म्हणाल्या.”